मिसिसागातलं गांजाचं दुकान: माल चोख, पण औषधांची यादी विचारणारं कुणी नाही

दुकान स्वच्छ आहे, माल चोख आहे, काउंटरवरची मुलं नम्र आहेत. तरीही सत्तरी ओलांडलेल्या आणि रोज चार-पाच गोळ्या चालू असलेल्या माणसाने तिथून काहीही घेण्याआधी आपल्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात जाऊन यावं, असं मी कळकळीने सांगते. मी स्वतः फार्मसिस्ट आहे. सांगलीत बी. फार्म. केलं, लग्नानंतर कॅनडात आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि तेव्हापासून मिसिसागात औषधांच्या काउंटरमागे उभी आहे. गांजाच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक म्हणून गेले, शेजारच्या मावशींबरोबर.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या सगळ्या परवानाधारक दुकानांना माल एकाच सरकारी घाऊक विक्रेत्याकडून येतो, पाकिटांचे नियम संपूर्ण देशाला सारखे आणि नोकरांचं सक्तीचं प्रशिक्षणही एकच. त्यामुळे तुम्ही ब्रॅम्प्टनच्या किंवा टोरोंटोच्या दुकानात गेलात तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी मावशींबद्दल, कारण त्यांच्याशिवाय मी आत पाऊल टाकलं नसतं. मूळच्या कराडकडच्या. हृदयाची एक झडप बदललेली आहे, धातूची बसवलेली, म्हणून रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन जन्मभराचं. गुडघे गेलेले. वॉरफरिनवर असल्यामुळे दुखलं की आयबुप्रोफेन घे, असं करता येत नाही. पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. पॅरासिटामॉलवर भागवायचं, शेक घ्यायचा. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर कुणीतरी त्यांना सीबीडीच्या, म्हणजे गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाच्या, तेलाबद्दल सांगितलं. "अगं, निम्म्या बायका घेतात म्हणे. मला नशाबिशा नको हं, गुडघा तेवढा वाकू दे. तू चल माझ्याबरोबर, एकटीला लाज वाटते." लाज वाटणं साहजिक होतं. त्यांच्या लहानपणी गांजा म्हणजे चिलीम ओढणारे बैरागी, नाहीतर उसाच्या फडात लपवलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या. भारतात १९८५ च्या कायद्याखाली त्यासाठी आजही तुरुंग आहे. आणि इथे त्याच वस्तूचं दुकान हुरोन्टारियो रस्त्यावरच्या प्लाझात, दाताच्या दवाखान्याला लागून.

दारातच एक मुलगी ओळखपत्र बघते. एकोणीस वर्षांखालच्या कुणालाही आत पाऊल टाकता येत नाही, आई-बाप बरोबर असले तरी. मावशींच्या नातवाला त्या दिवशी बरोबर आणलं नव्हतं ते बरं झालं, नाहीतर दारातूनच परत यावं लागलं असतं. कायद्याने पंचविशीच्या आतला वाटणाऱ्याचं ओळखपत्र तपासणं सक्तीचं आहे. इथे सरसकट सगळ्यांचं तपासतात. पांढऱ्या केसांच्या मावशींनीही पर्समधून कार्ड काढलं आणि त्या मुलीने ते तितक्याच गंभीरपणे पाहिलं. मला हे आवडलं. दारूच्या दुकानात इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

बाहेरून काचेतून आतलं काही दिसत नाही. आत भरपूर उजेड, लाकडी फळ्या, भिंतीवर पडदा आणि त्यावर मालाची यादी. वास येत नाही, कारण सगळं सीलबंद. वास घ्यायचाच असेल तर छोट्या जाळीच्या बरण्या ठेवल्या आहेत, नोकर झाकण उघडून देतो. मावशींनी एका बरणीला नाक लावलं आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या खालच्या मजल्यावरचा वास!" खरंच होता. ऑन्टॅरिओत जिथे सिगारेट ओढता येते तिथे साधारणपणे गांजाही ओढता येतो. सदनिकांच्या इमारतींत बाल्कनीतून बाल्कनीत जाणाऱ्या या धुराने शेजाऱ्यांत जितकी भांडणं लावली आहेत तितकी दुसऱ्या कशाने लावली नसतील.

मालाबद्दल मला मोकळेपणाने चांगलंच बोलायचं आहे. प्रत्येक पाकिटावर टीएचसी (नशा आणणारा घटक) किती, सीबीडी किती, कोणत्या तारखेला भरलं, लॉट नंबर काय, उत्पादक कोण, सगळं छापलेलं. पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा, टीएचसी असेल तर लाल अष्टकोनी खूण, झाकण लहान मुलांना सहज उघडणार नाही असं. बुरशी, कीटकनाशकं, जड धातू यांची तपासणी झाल्याशिवाय माल बाजारात येत नाही. औषधाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या बाईला लेबलाची किंमत कळते. कोपऱ्यावरच्या माणसाकडून प्लास्टिकच्या पिशवीत घेतलेल्या वस्तूत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. गांजाचं फूल वीस टक्के टीएचसीचं आहे की दहा, यावर घेणाऱ्याची पुढची संध्याकाळ ठरते. आता दुकानातल्या बहुतेक फुलांवर विसाच्या वरचे आकडे आहेत, आणि ते निदान वाचता तरी येतात.

खायच्या वस्तूंवर एका पाकिटात जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा आहे. मावशींना दाखवलेल्या जेलीच्या गोळ्यांचं पाकीट चार गोळ्यांचं, प्रत्येकी अडीच मिलिग्रॅम. भाव सहा-सात डॉलर. सीबीडीच्या तेलाची बाटली पस्तीसच्या आसपास, वर तेरा टक्के कर. स्वस्त नाही. तरी सरकारी पाहणीत वापरणाऱ्यांपैकी दहातले सुमारे सात जण आता कायदेशीर ठिकाणाहूनच घेतो असं सांगतात. गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

काउंटरवरचा मुलगा पंचविशीतला असेल. मावशींशी तो फार आदराने बोलला, घाई केली नाही, आवाज चढवून बोलला नाही. खाल्लेल्या गोळीचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, पूर्ण जोर यायला चार तास लागू शकतात, म्हणून काही झालं नाही म्हणून दुसरी गोळी टाकू नका, हे त्याने दोनदा सांगितलं. त्या दिवशी गाडी चालवू नका, हेही सांगितलं. यातलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मग मावशींनी विचारलं, "माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे तेल चालेल का?"

तो थांबला. म्हणाला, मला औषधांबद्दल काही सांगायची परवानगी नाही, तुम्ही डॉक्टरांना विचारा. आणि तेलाची बाटली काउंटरवर तशीच उभी होती.

त्याचं चुकलं नाही. परवानाधारक दुकानातल्या नोकराला या मालाच्या औषधी गुणांबद्दल दावे करायला मनाई आहे, आणि ती मनाई योग्य आहे. विक्रेत्याने वैद्य होऊ नये. पण बघा, काय झालं. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइम्सचं काम मंदावतं त्यातलीच काही वॉरफरिनचं विघटन करतात. सीबीडी घेतलं की वॉरफरिन रक्तात साठत जाऊ शकतं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वर चढतो आणि ज्या रक्तस्रावाच्या भीतीने आम्ही आयबुप्रोफेन बंद केलं तोच धोका मागच्या दाराने आत येतो. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले आहेत. ही बाटली कुणीही प्रौढ माणूस, कुणालाही काही न सांगता, घरी नेऊ शकतो. मी बरोबर नसते तर मावशींनी "डॉक्टरांना विचारा" याचा अर्थ "पुढच्या भेटीला विचारू" असा घेतला असता, आणि पुढची भेट दोन महिन्यांनी होती.

माझ्या मनात या दुकानाबद्दल जी अस्वस्थता आहे ती एवढीच आहे, आणि ती दुकानाबद्दल कमी, व्यवस्थेबद्दल जास्त आहे. डॉक्टरांच्या पत्रावर मिळणारा औषधी गांजा कॅनडात २००१ पासून आहे, पण तोही परवानाधारक विक्रेत्याकडून टपालाने घरी येतो. आमच्या फळीवर तो येतच नाही. म्हणजे ज्या दुकानात माल आहे तिथे औषधांची यादी नाही, आणि जिथे यादी आहे तिथे माल नाही. मधल्या जागेत आमचे मावशी-काका उभे आहेत, आणि वापरणाऱ्यांत म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढते आहे.

गुण द्यायचेच तर पाचपैकी मालाला साडेचार, वागणुकीला पाच, ज्येष्ठांना मिळणाऱ्या सल्ल्याला एक.

मिसिसागात ही दुकानं उशिरा आली, हे नव्याने आलेल्यांना ठाऊक नसतं. गांजा कायदेशीर करणारा देशाचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ ला लागू झाला. उरुग्वेनंतर संपूर्ण देशासाठी असं करणारा कॅनडा दुसरा. ऑन्टॅरिओत खासगी दुकानं १ एप्रिल २०१९ पासून उघडली, पण आपल्या हद्दीत ती नकोत असं म्हणायची मुभा प्रत्येक नगरपालिकेला होती. मिसिसागाने नको म्हटलं, शेजारच्या ब्रॅम्प्टनने हो म्हटलं. मग इकडचे लोक गाडी काढून तिकडे जात राहिले. एप्रिल २०२३ मध्ये आमच्या नगर परिषदेने निर्णय फिरवला. त्या काळात आमच्या इमारतीत जी चर्चा झाली ती मला अजून आठवते, कारण औषधवाली बाई म्हणून सगळे मलाच गाठायचे.

तिसऱ्या मजल्यावरचे एक काका कडवे विरोधक. निवृत्त शिक्षक, पुण्याचे. त्यांनी परिषदेला पत्र लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, दुकान उघडलं की मुलांच्या मनातली भीती जाते, आणि एकदा गेलेली भीती कायद्याने परत आणता येत नाही. आजही त्यांचं मत बदललेलं नाही. "शाळेपासून दीडशे मीटर म्हणे! नातू बसमधून जाताना तीन पाट्या मोजतो." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शाळेपासूनच्या अंतराला नियम आहे, पण दोन दुकानांमधल्या अंतराला नाही, म्हणून टोरोंटोच्या काही रस्त्यांवर ती एकमेकांना खेटून उभी राहिली.

समोरच्या दारातला माणूस इथलाच, नळदुरुस्तीचा धंदा करतो. विशीत असताना खिशात गांजाची एक सिगारेट सापडली म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर प्रत्येक नोकरीच्या अर्जावर तो एक रकाना त्याला भरावा लागला. कायदा झाल्यावर २०१९ मध्ये अशा साध्या बाळगण्याच्या गुन्ह्यांना विनाशुल्क माफी मिळण्याची सोय झाली. त्याने ती घेतली. पण अमेरिका कॅनडाची माफी मानत नाही, त्यामुळे बफेलोला मुलीच्या हॉकीच्या सामन्याला जायचं म्हटलं की त्याच्या पोटात अजूनही गोळा येतो. त्याला दुकानांचं फारसं कौतुक नाही, तो आता ओढतही नाही. पण माझ्यासारखं कुणाच्या पोराचं होऊ नये, एवढ्यासाठी हा कायदा हवाच होता, असं तो म्हणतो, आणि मला त्याचं पटतं. या एका गोष्टीवर माझं मत काकांपेक्षा वेगळं आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

माझी एक मैत्रीण रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. ती कायद्याच्या बाजूची, पण जेलीच्या गोळ्यांचं नाव काढलं की चिडते. तीन-चार वर्षांची पोरं, आजीच्या पर्समधली गोळी खाऊन, झोपेतून उठेनाशी होऊन येतात. आई-बाप आधी सांगत नाहीत, लाजतात. तोवर डॉक्टर मेंदूज्वरासाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढायच्या तयारीला लागलेले असतात. हा तिच्या एकटीचा अनुभव नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा वर्षांखालच्या मुलांची गांजाच्या विषबाधेमुळे रुग्णालयात भरती तपासली होती. ज्या प्रांतांत खायच्या वस्तू विकायला परवानगी मिळाली तिथे हे प्रमाण कायद्याआधीच्या साडेसातपट झालं. क्वेबेक प्रांताने मिठाईसारख्या वस्तू विकूच दिल्या नाहीत, तिथे तिप्पट. वाढ दोन्हीकडे, पण फरक किती! देश एक, कायदा एक, फक्त एका प्रांताने गोड वस्तू दुकानात ठेवली नाही. आमच्या प्रांताने क्वेबेककडे पाहून हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फूल विका, तेल विका. मुलाच्या हाताला मिठाई वाटेल अशा आकारात हे का विकायचं?

तरुणांबद्दल मला काकांइतकीच काळजी आहे, फक्त मी ती पाट्या मोजून करत नाही. ऑन्टॅरिओतल्याच संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांपैकी गांजाच्या व्यसनाशी जोडता येणारा वाटा कायद्याआधी ३.७ टक्के होता, तो नंतर १०.३ टक्के झाला. स्किझोफ्रेनियाचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, आणि गांजा हेच कारण असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण ज्या घरात आई, मामा, काका यांपैकी कुणाला असा आजार आहे, त्या घरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाशी आई-वडिलांनी बसून बोलायला हवं. आपल्याकडे घरातला मानसिक आजार मुलांपासून लपवला जातो. तो लपवला तर मुलाला आपला धोका कळणार कसा? क्वेबेकने १ जानेवारी २०२० पासून वयाची अट एकवीस केली. मला तेही पटतं.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी, कारण दर उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा मला हेच विचारतात. इथून तेल किंवा मलम भारतात नेता येईल का? नाही. एक बाटलीसुद्धा नाही. इथे पावती मिळाली म्हणून ती विमानात चालत नाही; देशाची सीमा ओलांडून गांजा नेणं किंवा आणणं कॅनडाच्या कायद्यातही गुन्हा आहे, आणि तिकडे उतरल्यावर भारताचा कायदा आहेच. अमेरिकेत गाडीने जातानाही तेच, मग पलीकडच्या राज्यात दुकानं का असेनात, कारण सीमेवर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा चालतो. आणि ट्रक चालवणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगते, सुट्टीच्या दिवशीही नको. व्यावसायिक चालकाला ऑन्टॅरिओत शून्य सहनशीलता आहे, सीमेपलीकडे जाणाऱ्याची वेगळी चाचणी होते, आणि टीएचसीचा अंश शरीरात नशा उतरल्यानंतरही कितीतरी दिवस सापडतो.

मावशींनी तेल घेतलं नाही. सीबीडीचं मलम घेतलं, कारण कातडीवर लावलेलं रक्तात फारसं उतरत नाही. तरी त्यांच्या आयएनआरच्या क्लिनिकला मी दुसऱ्या दिवशी कळवलं आणि त्यांनी पुढची तपासणी आठवडाभर अलीकडे ओढली. आकडा ठीक आला. मलमाने गुडघ्याला गुण येतो याचा भक्कम पुरावा माझ्याजवळ नाही आणि तसं मी त्यांना विकत घेतानाच सांगितलं. रात्री सून पंधरा मिनिटं बसून चोळून देते, त्याने बरं वाटतं, असं मावशी म्हणतात. जेलीचं पाकीट त्यांच्या हातात होतं, नातवाचं नाव काढल्यावर त्यांनी ते स्वतःच परत ठेवलं.

तुमच्यापैकी जे जाणार आहेत त्यांनी संध्याकाळी पाचनंतर जाऊ नका, रांग असते आणि मग नोकराला बोलायला वेळ नसतो. सकाळी अकराच्या सुमाराला जा. पडद्यावरचं नाव आणि टक्केवारी यांचा फोटो काढा, लगेच काही घेऊ नका, आणि तो फोटो घेऊन आपल्या फार्मसीत या. वॉरफरिन असेल, फिट्सची औषधं असतील, झोपेच्या गोळ्या असतील, अवयव रोपणानंतरची औषधं असतील, तर नक्कीच. कायमची तीन किंवा जास्त औषधं चालू असतील तर ऑन्टॅरिओच्या आरोग्य कार्डावर मेड्सचेक नावाची सोय आहे. वर्षातून एकदा फार्मसिस्ट तुमच्याबरोबर बसून सगळी औषधं तपासतो, पैसे लागत नाहीत. आधीच घेत असाल तर रिकामं पाकीट फेकू नका, लेबलासकट आणा. आम्ही रागावत नाही, पोलिसांना कळवत नाही आणि तुमच्या मुलालाही सांगत नाही.